जुनी फरशी, सागवानी कपाट आणि नवा रंग

सांगली-साताऱ्याकडच्या बऱ्याच जुन्या घरांत फरशी शहाबादी किंवा कोट्याची, ओट्याला काळा कडप्पा आणि बाहेरच्या खोलीत आजोबांच्या वेळचं सागवानी कपाट. हे काही हलणार नाही, तेव्हा भिंतीचा रंग आणि नवं लॅमिनेट त्यांच्याकडे बघूनच घ्या. दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबखाली शेडकार्ड बघून ठरवू नका. कपाटाचा एक ड्रॉवर आणि फरशीचा उरलेला तुकडा सोबत न्या.

आधी झाक ओळखा. फरशीवर कोरा पांढरा कागद ठेवला की ती उघडी पडते: कोटा बहुधा हिरवट, शहाबादी करडी, जुनं सागवान पिवळट-तांबूस. कोट्याशेजारी गुलाबी झाकेचा क्रीम लावला की फरशी मळकट दिसते. किंचित पिवळसर-हिरवट ऑफव्हाइट छान बसतो. सागवानाला सागवानी लॅमिनेट जुळवायला तर जाऊच नका. थोडक्यात चुकतं आणि तेवढंच डोळ्यात खुपतं. सरळ फिकट, बिनरेषांचं घ्या. सुतार नाक मुरडेल, मुरडू दे.

रंगाची छोटी डबी आणून २ बाय २ फुटांच्या प्लायवर दोन हात मारा. वाळल्यावर तो तुकडा फरशीला टेकवून सकाळी, उतरत्या उन्हात आणि रात्री दिवा लावून बघा. ३००० केल्विनच्या पिवळ्या आणि ६५०० च्या पांढऱ्या बल्बखाली तोच रंग वेगळा दिसतो, म्हणून बल्ब आधी ठरवा, रंग नंतर.