लेड कोर ट्रोलिंगसाठी रॉड कुठला घ्यावा, आपल्या गोव्याच्या नदीत होडीतून चालवायचा तर

नदीचं पाणी निवळायला लागलं की दरवर्षी दोन-तीन जण तरी विचारतात, लेड कोर लाइन मागवलीय, आता रॉड कुठला घेऊ. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवतो. मी शिवोलीच्या बाजूला शापोरा नदीत नि कधीमधी मांडवीत छोट्या होडीतून ट्रोलिंग करतो (म्हणजे चालत्या होडीमागे लुअर, खोटं आमिष, ओढत न्यायचं), मुख्य म्हणजे चणक (जिताडा), तामसो (रेड स्नॅपर) नि गोबरो (ग्रुपर), तेव्हा जे सांगतोय ते त्या हिशोबानं घ्या.

आधी ही लाइन करते काय ते समजून घ्या, नायतर रॉडचं काहीच कळणार नाही. लेड कोर म्हणजे मधे शिशाची बारीक तार नि वरून विणलेलं कव्हर. दर १० यार्डाला, म्हणजे साधारण ९ मीटरला रंग बदलतो म्हणून सगळे "किती कलर सोडले" असंच बोलतात. १८ पौंड ताकदीची साधी लेड कोर ताशी ३ किलोमीटरच्या आसपास ओढली तर एका कलरमागे लुअर साधारण ५ फूट खाली जातो, स्पीड वाढवला की वर येतो, कमी केला की खाली बसतो. अमेरिकेत ग्रेट लेक्समध्ये ट्राउट-सामनसाठी पूर्ण १० कलर सोडणारे लोक आहेत, तिकडच्या अटलांटिक किनाऱ्यावर स्ट्राइप्ड बाससाठी खाऱ्या पाण्यात पण ही लाइन चालते. आपल्या नदीत एवढी खोली कुठे, मी २ नि ३ कलरवरच असतो, पुलाच्या खांबांजवळ पाणी खोल असेल तर ४. आणि विसवणसाठी (सुरमई) लेड कोर घेत असाल तर थांबा, विसवणला बोट जोरात पळवावी लागते नि त्या स्पीडला ही लाइन वर उचलली जाते, पैसे घालून फायदा नाही.

आता रॉडचं. या लाइनीच्या दोन गोष्टी अशा आहेत की त्या रॉडकडून दोन उलट्या गोष्टी मागतात. एक, लाइन जाड नि जड, त्यामुळे मासा नसताना सुद्धा पाण्यात तिचं स्वतःचं ओढणं असतं, रॉड होल्डरमध्ये नुसता उभा असतानाच वाकलेला राहतो. दोन, ही लाइन नायलॉनसारखी ताणत नाही, माशाचा झटका थेट गळावर येतो. पहिल्या कारणासाठी रॉडला ताकद पायजे, दुसऱ्यासाठी मऊपणा. हे दोन्ही एका रॉडमध्ये असणं म्हणजेच लेड कोरचा रॉड, बाकी सगळं त्यानंतर.

मी दोन्ही चुका केल्यात म्हणून सांगतो. पहिला रॉड घेतला साडेआठ फुटी, मीडियम लाइट, बाहेरदेशी डाउनरिगरला (जड वजनानं लाइन खोल नेणारं साधन) वापरतात तसला. ४ कलर सोडले की तो अर्ध्यापर्यंत कमान होऊन जायचा, मग माशानं तोंड लावलं काय नि प्लास्टिकची पिशवी अडकली काय, कळायचंच नाही. एका सकाळी अर्धा तास पिशवी ओढत फिरलो आणि त्या वेळी भरती अगदी हवी तशी होती, ते अजून मनाला लागून आहे. पुढच्या वर्षी दुसरं टोक गाठलं, एकाकडून सहा फुटी ५०-८० पौंडाचा आणला, आपल्याकडे दुकानात "ट्रोलिंग रॉड" म्हटलं की बहुतेक हाच पुढे करतात, तो कुपा (ट्यूना) वगैरे मोठ्या माशांसाठी आहे. चणक लागला, पाण्याबाहेर उडाला, डोकं झटकलं, रॉड जरासुद्धा वाकला नाही नि गळ तोंड फाडून निघून आला. चांगला मोठा चणक होता.

तेव्हा पॉवर मीडियम हेवी, ॲक्शन मॉडरेट. हे दोन शब्द लोक एकच समजतात, तसं नाहीये. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो, ॲक्शन म्हणजे तो कुठून वाकतो. फास्ट ॲक्शनचा नुसता शेंडा वाकतो, लुअर फेकून मारायला तो चांगला, पण इथे नको. मॉडरेट वाकत वाकत मधल्या भागापर्यंत येतो नि माशाचा झटका खाऊन टाकतो. रॉडवर लाइन रेटिंग १५ ते ३० पौंड लिहिलेलं असेल तर १८ पौंडाच्या लेड कोरला एकदम बरोबर, २७ पौंडाची लाइन असेल तर २० ते ४० बघा. मटेरियल फायबरग्लास नायतर ग्लास नि ग्राफाइट मिक्स. निव्वळ ग्राफाइट हलका नि हातात छान वाटतो पण हा रॉड दिवसभर हातात नसतो, होल्डरमध्ये असतो, नि होडीच्या काठावर आपटला तर ग्राफाइटला बारीक चीर जाते जी दिसत नाही आणि मग मोठ्या माशावर तुटतो. ग्लास जड असला तरी मार खातो. माझं मत विचाराल तर ग्लासच घ्या.

दुकानात माझी एक पद्धत आहे, दुकानदार बघत राहिला तरी चालेल. साधी लाइन सगळ्या रिंगांतून ओवायची, टोकाला अर्धा लिटरची पाण्याची भरलेली बाटली बांधायची, रॉड निम्मा तिरका धरायचा नि हळू उचलायचं. वरचा एक-तृतीयांश भागच वाकला पायजे. मग २ लिटरची बाटली, आता वाक मधल्या भागात उतरला पायजे पण मुठीच्या वरचा भाग अजून ताठ हवा. अर्ध्या लिटरलाच मुठीपर्यंत वाकला तर लाइनीच्या ओढण्यातच त्याची सगळी ताकद जाणार, माशासाठी काही उरणार नाही. २ लिटरला पण नुसता शेंडा हलला तर तो फार कडक. रॉड सरळ उभा धरून वजन उचलू नका, टीप तुटेल.

मऊ टीपचा अजून एक मोठा उपयोग आहे नि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. लुअर पाण्यात डुलत चालला असेल तर टीप एका लयीत थरथरते. थरथर थांबली म्हणजे गवत नायतर कचरा अडकला, काढून साफ करा. थरथर मंदावून ठक ठक व्हायला लागली म्हणजे तळ लागतोय, एक कलर आत घ्या. आणि भरती-ओहोटीच्या पाण्यात फोनवरचा स्पीड फसवतो, पाण्याच्या विरुद्ध जाताना फोन ताशी दीड किलोमीटर दाखवतो पण लुअरवरून पाणी दुप्पट जोरात जात असतं, आणि पाण्याबरोबर जाताना बरोब्बर उलटं. अशा वेळी टीपकडे बघून रेस कमी-जास्त करायची. वळताना पण बघा, आतल्या बाजूचा रॉड सैल पडतो म्हणजे लुअर खाली बसतोय, बाहेरचा ताणतो म्हणजे वर येतोय. वळणातच मासा लागला तर कुठल्या बाजूला लागला ते लक्षात ठेवा, खोली नि स्पीड कुठला पायजे ते त्यावरून कळतं.

लांबी साडेसात ते आठ फूट. बाहेरचे लोक दहा फुटी पण वापरतात कारण त्यांना एका बोटीतून पाच-सहा लाइनी पसरायच्या असतात, आपल्या होडीत दोन्ही बाजूंना एकेक रॉड बास. शिवाय कुंभारजुवे कालव्यासारख्या जागी खारफुटीच्या फांद्या अगदी डोक्यावर येतात, लांब रॉड अडकतो (तिथे मगरी आहेत, मासा होडीला लागला की हात पाण्यात घालू नका, मोठं नेट वापरा).

रिंगा नीट तपासा. लेड कोर जाड असते आणि लीडरची (लुअरकडची पुढची लाइन) नि बॅकिंगची (लेड कोरच्या मागे रीलवर भरलेली लाइन) गाठ पण त्यातूनच जायची असते, म्हणून बारीक रिंगांचा रॉड बाद. लीडरची गाठ मारताना शिसं ३-४ इंच बाहेर ओढून तोडायचं, रिकाम्या कव्हरात लीडर सरकवायचा नि त्याच्यावरच गाठ घट्ट करायची, अशी एक गाठ घरून मारून न्या नि टीपच्या रिंगेतून ओढून बघा, अडकली तर दुसरा रॉड मागा. रिंगेच्या आत सिरॅमिक असतं, कान साफ करायची कापसाची काडी आत गोल फिरवा, कापूस अडकला तर चीर आहे, ती चीर लाइनीचं कव्हर खाऊन टाकेल. रोलरवाल्या रिंगांची गरज नाही. रिंगांची संख्या पण बघा, रॉड वाकवल्यावर लाइन रॉडच्या दांडीला घासता कामा नये.

मूठ लांब हवी, होल्डरमध्ये खोल बसली पायजे नि मासा लागल्यावर ओढून बाहेर काढता पण आली पायजे. आपला होल्डर मोजून जा. रील लेव्हल वाइंडवालं (लाइन आपोआप सारखी गुंडाळणारं) गोल, रॉड पण त्याच जातीचा, रिंगा वर असणारा. स्पिनिंग रीलवर लेड कोर भरू नका, लाइनीला पीळ पडतो नि आतलं शिसं तुटतं, मग तिथे लाइन लुळी होते.

लुअर कालवं लागलेल्या दगडात अडकला तर रॉडनं झटके देऊ नका. बोट थांबवा, उलट्या बाजूनं जाऊन ओढा, नायतर लाइन होडीच्या खुंट्याला गुंडाळून तोडा, हाताला गुंडाळू नका. गाठ मारताना तोडलेलं शिसं नदीत टाकू नका, मी एक जुनी डबी ठेवलीय त्यात जमवतो, नि जेवणाचा डबा उघडायच्या आधी हात साबणानं धुवायचे, शिसं विषारी असतं. घरी आल्यावर रॉड गोड्या पाण्यानं धुवा, रील बसते तिथला स्क्रू मोकळा करून आतलं मीठ काढा, रिंगांच्या पायाशी तर जुना टूथब्रश फिरवाच, गंज पहिल्यांदा तिथूनच धरतो.