अंगणवाडीतल्या छोट्या प्रयोगांची तयारी: बरबटी, संत्रे आणि हळद

तयारी बरबटीपासून, म्हणजे चवळीचे दाणे रुजवण्याच्या प्रयोगापासून, सुरू करा, कारण वेळ तिलाच सर्वांत जास्त लागतो. वीस मुलांना मूठभर दाणे पुरतात, पण ते घरच्या खाण्याच्या डब्यातलेच हवेत. पेरणीच्या थैलीतले गुलाबी, निळे, हिरवे दिसणारे बियाणे औषध लावलेले असते. या वयाची मुले दाणा तोंडात घालणारच, म्हणून ते धुऊनसुद्धा वापरू नका. एरंडी आणि गुंजा तर खोलीत येऊच देऊ नका. दोन्ही विषारी आहेत आणि दिसायला इतक्या सुंदर की मुले स्वतःच खिशात भरून आणतात. दाणे मोजून द्या, मोजून परत घ्या. नाकात किंवा कानात गेलेला दाणा ओलाव्याने फुगतो आणि मग निघत नाही.

दाणे रविवारी रात्री भिजवा, सोमवारी लावा. शुक्रवारी-शनिवारी लावले तर रविवारच्या सुट्टीत पाणी घालायला कोणी नसते आणि नुकतेच फुटलेले मूळ वाळून जाते. पाच मुलांमागे एक पारदर्शक प्लास्टिकचा ग्लास ठेवा, काचेचा नको. आत ओले कापड गुंडाळून बसवा आणि कापड व ग्लास यांच्या मध्ये, अर्ध्या उंचीवर, चार दाणे सरकवा. तळाशी बोटभर पाणी ठेवा. कापूस पिकणाऱ्या गावात शेतातला कापूस हाताशी असतो, पण तो चालत नाही: कच्च्या कापसाच्या धाग्यावर नैसर्गिक मेण असते, त्यामुळे तो पाणी धरत नाही. औषधाच्या दुकानातला कापूस किंवा जुन्या धोतराचा तुकडा घ्या. प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा मायेने ओतलेल्या जास्तीच्या पाण्याने. दाणा बुडून राहिला की त्याला हवा मिळत नाही आणि तो कुजतो. एक ग्लास मुद्दाम काठोकाठ भरून बाजूला ठेवलात, तर तेही मुलांना बघता येईल.

बुडते-तरंगतेच्या प्रयोगासाठी रुंद टोपले (घमेल्यासारखे भांडे) आणि वीतभर पाणी घ्या. संत्रे तळाला टेकले तर ते तरंगते की नाही हे कळत नाही. संत्री दोन आणा. सालीसकट संत्रे तरंगते, कारण सालीत हवा असते. सोललेले अख्खे संत्रे मात्र कधी बुडते, कधी मधल्या पोकळीतल्या हवेमुळे वरच राहते, म्हणून सुटी फोड टाका. तीही सुकलेली असेल तर तरंगते, तेव्हा आदल्या संध्याकाळी त्याच संत्र्याची एक फोड टाकून पाहा. सोबत वांगे, बटाटा, खडा, पऱ्हाटीची (कपाशीच्या झाडाची) वाळलेली काडी आणि स्टीलची वाटी ठेवा. वाटी सर्वांत शेवटी काढा: अलगद ठेवली तर तरंगते, पाणी भरले की बुडते. वस्तू टाकण्याआधी प्रत्येक मुलाला विचारा, “काय होईल?” “जड म्हणून बुडलं” असे उत्तर आले तर चूक म्हणू नका, पुढे वांगे आणि खडा हातात द्या. टोपल्याजवळ ताई किंवा मदतनीस सतत हवी. प्रयोग संपताच पाणी झाडांना ओता. भरलेले टोपले पाच मिनिटेही एकटे सोडू नये. फवारणीच्या औषधाची बाटली किंवा डबा कितीही धुतलेला असला तरी पाण्याला वापरू नका.

हळदीचे कागद मात्र आदल्या दिवशीच तयार हवेत. एक चमचा हळद चार चमचे पाण्यात कालवा, पांढऱ्या कागदावर बोळ्याने फासा आणि सावलीत वाळवा. उन्हात रंग उडतो. कपडे धुण्याच्या साबणाची वडी पाण्यात चोळून ते पाणी वाटीत द्या. काडीला कापूस गुंडाळून मुले त्याने रेघ ओढतात आणि रेघ लाल उमटते. हात धुण्याच्या पातळ साबणाने बहुधा काही होत नाही, कारण त्यात हळद लाल करणारा क्षार (अल्कली) फारसा नसतो. चुन्याने रंग झकास येतो, पण चुना डोळ्यात गेला तर इजा होते, म्हणून तो नकोच. शेवटी लिंबाची फोड द्या. लाल रेघेवर पिळली की ती पुन्हा पिवळी होते. या दिवशी मुलांना जुने कपडे घालून पाठवा, असा निरोप आयांना आधीच द्या.