जुन्या गाडीचं इंजिन बदलताय? या चुका टाळा

आमच्या अँबॅसिडरसाठी घेतलेलं ‘नवं’ इंजिन टेम्पोत घालून मी बेळगावच्या उद्यमबागेत नेलं, त्या दिवशी मिस्त्रीमामांनी इंजिनाकडे बघितलंच नाही. टेम्पोत डोकावून त्यांनी विचारलं, “गिअरबॉक्स कुठं आहे ओ?”

गिअरबॉक्स नव्हता. नुसतं इंजिन स्वस्तात मिळत होतं, म्हणून तेवढंच उचललं होतं.

“मग काय, देव्हाऱ्यात ठेवून पूजा करणार काय ह्याची?”

इंजिन होतं मारुती एस्टीमचं. १२९८ सीसी, इंजेक्शनवालं, कागदावर ८५ हॉर्सपॉवर. आमच्या गाडीचं मूळ १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन जेमतेम ५० च्या घरातलं. आकडा बघूनच मी भुललो. पण एस्टीमला पुढची चाकं ओढतात आणि तिचं इंजिन बॉनेटखाली आडवं बसतं. अँबॅसिडरमध्ये इंजिन गाडीच्या लांबीत उभं, मागे गिअरबॉक्स, मग मागे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट आणि मागची चाकं. दोघांची सोयरीक जुळवायची तर मधे प्लेट कापून घालावी लागते. प्लेट काय, बेळगावात कुणीही कापून देईल. फाउंड्री आणि लेथचं गाव आहे हे. खरी मेख वेगळीच. क्रँकचा, म्हणजे इंजिनात फिरणाऱ्या मुख्य दांड्याचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत यावा लागतो. डायल गेज (बारीक फरक दाखवणारं काट्याचं मोजमाप) लावून क्रँक हाताने फिरवली आणि काटा एक-दीड दशांश मिलिमीटरहून जास्त हलला, की पुढचं भविष्य ठरलं. क्लच थरथरतो, शाफ्टचं बेअरिंग घोंघावतं, ऑइल सील गळतं, आणि आपण मात्र क्लच प्लेट बदलत बसतो.

म्हणून इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच गाडीतून, जोडीनेच घ्यावेत. जमलं तर ती अख्खी गाडीच भंगारात जाण्याआधी विकत घ्यावी. माउंटिंग, वायरिंग, रेडिएटर, सायलेन्सरचा पुढचा पाइप, ॲक्सिलरेटरची केबल, असली चिल्लर सुटी घेताना जो खर्च होतो तो इंजिनाच्या किमतीच्या वर कधी जातो, ते कळतही नाही.

दुसरी चूक सीसीवर जाण्याची. अँबॅसिडरवाल्यांत एक समज आहे की दोन लिटरचं इसुझू डिझेल घातलं की गाडी पळणार. त्या डिझेलमध्ये टर्बो नाही. ते काटकसरी आहे, दणकट आहे, पण इसुझूच्याच १८१७ सीसी पेट्रोलपुढे ताकदीला बरंच कमी. मला विचाराल तर अँबॅसिडरला हे १.८ पेट्रोलच. कंपनीने स्वतः काँटेसात आणि पुढे अँबॅसिडर १८०० आयएसझेडमध्ये ते पाच गिअरच्या बॉक्ससकट बसवलं, म्हणजे डोकं खाजवायचं काम उत्तरपाड्याच्या कारखान्यात आधीच झालेलं आहे. पद्मिनीवाल्यांनी प्रीमियरच्याच ११८ एनई गाडीकडे बघावं. तिच्यात निस्सानचं ११७१ सीसीचं इंजिन आहे आणि तीही मागच्या चाकांवर चालणारीच. कामं निघतील, पण तऱ्हेवाईक निघणार नाहीत.

हॉर्सपॉवरचा आकडा किती फेऱ्यांना मिळतो हेही विचारा. छोट्या इंजेक्शन इंजिनाचा जोर साडेपाच-सहा हजार फेऱ्यांच्या आसपास येतो. टनाहून जड गाडीत चार माणसं, मागे आंब्याच्या पेट्या आणि समोर तवंदी घाट, अशा वेळी दोन हजार फेऱ्यांना किती ओढ मिळते तेवढंच कामाचं.

भंगारवाल्याकडे गेलात की पहिल्यांदा इंजिनावर हात ठेवा. गरम लागलं तर तुम्ही यायच्या आत कुणीतरी ते चालवून ठेवलंय. थंड इंजिन सुरू होताना काय करतं ते आपल्याला बघायचं असतं. ऑइलचं झाकण उघडून आतून बघा. लोण्यासारखा पांढुरका थर असेल तर पाणी ऑइलमध्ये जात असण्याची शंका घ्यावी. मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब किती तयार होतो ते. सगळे प्लग काढायचे, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवायचा, बॅटरी चांगली हवी. पेट्रोल इंजिनाला साधारण ११ ते १३ बार बरं समजतात, पण आकड्यापेक्षा चारही सिलिंडर सारखे आहेत का ते महत्त्वाचं. एक सिलिंडर मागे पडला तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा गेल्यात. जैसे थे राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. “चालतंय की ओ, गॅरंटी माझी” असं सांगणारा माणूस प्लग काढू देत नसेल तर चहा पिऊन निघावं.

इंजेक्शनवालं इंजिन घेणाऱ्यांची फसगत वायरिंगमध्ये होते. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) हवा, अख्खी हार्नेस म्हणजे वायरींचा जुडगा हवा आणि चोरी रोखणारा इमोबिलायझर असेल तर त्या गाडीची किल्लीसुद्धा हवी. नाहीतर स्टार्टर मारला की इंजिन फिरतं, पेटत नाही, आणि आपण पंप, कॉइल, सेन्सर बदलत राहतो. शिवाय जुन्या गाडीचा यांत्रिक पंप कार्ब्युरेटरपुरताच. इंजेक्शनला तीन बारच्या आसपास दाब लागतो, म्हणजे विजेचा पंप आलाच आणि बहुतेक वेळा टाकीकडे परतीची नळीही.

ऑइल संपची, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याची खोल बाजू काही इंजिनांना पुढे असते, काहींना मागे. ती क्रॉस मेंबरवर (चासिसच्या आडव्या पट्टीवर) टेकते म्हणून संप कापून बुटका करणारे महाभाग आहेत. ऑइल कमी मावतं, वळणावर ते एका बाजूला जातं आणि पिकअप, म्हणजे ऑइल ओढणारी नळी, हवा ओढतो. गोव्याहून परतताना केरी ते चोर्ला या वळणांवर ऑइलचा दिवा लुकलुकला की समजावं. संप बदलायचाच तर खोली दुसऱ्या बाजूला घेऊन पिकअपही तिकडे न्यावा.

त्याच चढावर तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकला की सल्ला ठरलेला: “थर्मोस्टॅट काढून टाका.” काढू नका. इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी ती झडप; ती काढली की रोजच्या धावण्यात इंजिन हवं तेवढं तापतच नाही, पेट्रोल जास्त खातं, झिजही वाढते. रेडिएटरच लहान पडत असेल तर मोठा रेडिएटर घालणं हाच उपाय.

ब्रेक तर सांगायलाच नकोत. पुढे ड्रम असलेल्या गाडीची ताकद दीडपट करून ड्रम तसेच ठेवणं म्हणजे वेडेपणा.

आता कागद. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आहे. कंपनीच्या मूळ तपशिलाशी नोंदणी जुळणार नाही असा बदल चालत नाही, आणि इंजिन बदलायचं तर आरटीओची मंजुरी आधी. त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन असेल तर काम सरळ असतं. परक्या कंपनीचं घेऊन गेलात तर अडण्याचीच तयारी ठेवा. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेतली व्हिंटेज नोंदणी मिळते, पण चासिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरबदल नसेल तरच. गाडी त्या वयाला टेकली असेल तर मूळ इंजिन बोअर करून, क्रँक घासून घेतलेलं बरं.

आपल्या भागात आणखी एक भानगड असते. गाडी कोल्हापूरची, नंबर एमएच-०९, मालक निपाणीचा. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त गाडी ठेवायची तर तिथला नंबर घ्यावा लागतो. जुन्या आरटीओची एनओसी आणायच्या आत इंजिन बदललंत, तर आरसीवर एक नंबर आणि ब्लॉकवर दुसरा. म्हणून आधी एनओसी, मग केए-२२ किंवा केए-२३, आणि मगच इंजिन. विकणाऱ्याकडून इंजिन नंबर लिहिलेलं बिल आणि ज्या गाडीतून ते काढलं तिच्या आरसीची प्रत घ्या. आणि नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने घासायचा तो ठसा इंजिन जमिनीवर असतानाच, रंग मारायच्या आधी काढून ठेवा. बसवल्यावर तो नंबर मॅनिफोल्डच्या आड जातो आणि तिथे हात पोचत नाही.