'ओइनोपोटेस' या ग्रीक शब्दाचा अर्थ कसा लावावा

बायबलच्या नव्या करारात हा शब्द मत्तय 11:19 आणि लूक 7:34 या दोनच ठिकाणी येतो, त्यामुळे दोन्ही उतारे मागच्या-पुढच्या वचनांसह वाचूनच सुरुवात करावी. 'ओइनोस' म्हणजे द्राक्षारस आणि 'पोटेस' म्हणजे पिणारा, एवढी फोड पटकन होते. परंतु तेवढ्यावर थांबल्यास शब्दातील तुच्छतेची धार हाती लागत नाही. म्हणून त्याच्या शेजारी कोणता शब्द आहे, हे पाहावे: तिथे 'फागोस', म्हणजे खादाड, आहे. यानंतर वक्ता तपासावा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची पायरी हीच, कारण येशू येथे स्वतःचे वर्णन करीत नसून विरोधकांनी आपल्यावर केलेला आरोप उद्धृत करीत आहे. लूकने आदल्याच वचनात बाप्तिस्मा करणारा योहान द्राक्षारस पीत नसल्याचे सांगितले आहे, तरीही लोकांनी त्याला भूतग्रस्त ठरवले. हा विरोध ध्यानात घेतल्यास आरोपातील कुत्सितपणा उघड होतो.

पुढे जुन्या कराराचे ग्रीक भाषांतर उघडावे. नीतिसूत्रे 23:20 मध्ये हाच शब्द आहे, तर लगेच 21 व्या वचनात 'मेथिसोस', म्हणजे झिंगलेला, मद्यपी, हा शब्द येतो. पौलाने 1 करिंथ 6:10 मध्ये हाच दुसरा शब्द योजला आहे. 1 तीमथ्य 3:3 मधील 'पारोइनोस' मात्र वेगळा ठेवावा, कारण त्याला मद्याच्या भरात दांडगाई करणारा, अशीही छटा आहे.