भजनी मंडळात, सत्संगात गुंतवणुकीची स्कीम आली तर काय करावं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मोठा पैसा हातात येतो तो ठरावीक वेळीच. कारखान्याचं उसाचं बिल जमा होतं, फौजेतून निवृत्त होऊन आलेल्याला फंड मिळतो, रस्त्यात गेलेल्या जमिनीची भरपाई येते. त्याच सुमारास दिंडीतला, भजनी मंडळातला एखादा ओळखीचा माणूस घरी येऊन बसतो. ‘माउली, लाखाला महिना पाच हजार. मी स्वतः टाकलेत.’ बहुतेक वेळा तो खोटं बोलत नसतो. त्याला पैसे खरोखर मिळालेले असतात, आणि ही फसवणूक ओळखायला अवघड जाते ती त्यामुळेच.

आधी कागद-पेन घेऊन हिशेब करा. लाखाला महिना पाच हजार म्हणजे वर्षाला 60 टक्के. बँकेची मुदत ठेव साधारण 6-7 टक्के देते. एवढी कमाई करून देणारा धंदा खरंच असता, तर मालकाने बँकेचं कर्ज काढून तो वाढवला असता. लोकांकडे 60 टक्क्यांनी पैसे मागत कशाला फिरला असता? दुसरा हिशेब याहून महत्त्वाचा. महिना पाच हजारांनी तुमचं लाखाचं मुद्दल परत यायलाच 20 महिने लागतात. म्हणजे कुठलाही धंदा न करता, तुमच्याच पैशांतून तो तुम्हाला 20 महिने ‘नफा’ देऊ शकतो. भजन आटोपल्यावर प्रसादाचा द्रोण एका हातात धरून कुणी दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर पैसे जमा झाल्याचा मेसेज दाखवतो, तेव्हा हा आकडा आठवा. ‘वर्षभर न चुकता येतात’ याने काहीच सिद्ध होत नाही. उलट त्याच वर्षभरात माणूस आलेले हप्ते पुन्हा गुंतवतो, दागिने गहाण टाकतो, मेहुण्याला आणि साडूला घेऊन येतो.

माणूस आणि स्कीम वेगळी करा. माळ घातलेला माणूस सज्जन असेलही, पण पैसे पुढे कुठे जातात हे त्यालाही ठाऊक नसतं. हे कुठल्या एका धर्माचं दुखणं नाही. आपल्याच राज्यात, बेंगळुरूच्या आयएमए कंपनीने हलाल गुंतवणुकीच्या नावाखाली हजारो मुस्लिम कुटुंबांची बचत गोळा केली आणि जून 2019 मध्ये ती कोसळली. अमेरिकेत 2008 साली उघड झालेल्या, मॅडॉफ या ज्यू गुंतवणूक व्यवस्थापकाच्या घोटाळ्यात कितीतरी ज्यू धर्मादाय संस्था बुडाल्या.

मग कागद मागा. तुम्हाला जीएसटीचं प्रमाणपत्र, उद्यम नोंदणी, कंपनी किंवा ट्रस्टची नोंदणी दाखवतील. यातला एकही कागद लोकांकडून ठेवी घेण्याची परवानगी नव्हे. विचारायचं ते एवढंच: ठेव घ्यायला कुणी परवानगी दिली? रिझर्व्ह बँकेने की शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने? चिट्टी असेल तर चिट फंड निबंधकाकडे नोंद आहे का? रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर संस्थेचं नाव शोधता येतं, तिथेच तक्रारही करता येते. शेअर बाजाराचं नाव घेत असतील तर सेबीचा नोंदणी क्रमांक मागा आणि सेबीच्या वेबसाइटवर स्वतः तपासा.

आपल्याकडे सोसायट्या आणि सौहार्द संस्था (कर्नाटकातल्या सहकारी संस्थांचाच एक प्रकार) गल्लोगल्ली आहेत, आणि कित्येक चांगल्या चालतात. तरी एक लक्षात असू द्या: पाच लाखांपर्यंतचा ठेव विमा बँकांतल्या ठेवींना आहे, सोसायटी, सौहार्द किंवा पतसंस्थेतल्या ठेवींना नाही. ठेव ठेवण्याआधी शेवटचा लेखापरीक्षण अहवाल बघायला मागा. चेअरमन आपल्या दिंडीतले आहेत, एवढ्यावर ठेव ठेवू नका.

नकार कसा द्यायचा? खरी अडचण इथेच आहे. ज्याच्यासोबत पंढरीची वाट चाललो, त्याला नाही म्हणताना जीभ उचलत नाही. ‘माझा विश्वास नाही’ म्हणालात की भांडण होतं. त्याऐवजी म्हणा, ‘अण्णा, घरात ठरलंय, रिझर्व्ह बँकेचा कागद बघितल्याशिवाय कुठं पैसे ठेवायचे नाहीत.’ किंवा, ‘कागद द्या, पोराला दाखवतो, आठ दिवसांनी सांगतो.’ ‘आजच शेवटचा दिवस’ असं उत्तर आलं तर तिथेच थांबा. ‘देवाच्या कामात शंका घेऊ नये’ असं कुणी म्हणालं तर मला त्याची जास्त काळजी वाटते. देवाच्या कामाला देणगी देतात, त्यावर महिन्याला व्याज मिळत नाही.

मंडळाच्या बैठकीत एक साधा ठराव करून घ्या: सप्ताहात, कीर्तनाच्या मंडपात, मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुठल्याही गुंतवणुकीची माहिती द्यायची नाही. स्कीमवाला अन्नदानाला मोठी रक्कम देऊन व्यासपीठावर सत्कार करून घेतो आणि तोच फोटो पुढच्या गावात दाखवतो.

पैसे आधीच गुंतले असतील तर आणखी एक रुपया टाकू नका, कुणाला आणू नका. पावत्या, बँकेचं स्टेटमेंट, ग्रुपमधले मेसेज, सभेचे फोटो जपून ठेवा. ‘तक्रार केली तर सगळ्यांचेच पैसे अडकतील’ हे हमखास सांगितलं जातं. तुम्ही गप्प बसता तेवढ्या मुदतीत स्कीमवाल्याच्या मालमत्ता विकल्या जातात. ऑनलाइन पैसे गेले असतील तर ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, काही तासांत कळवलं तर रक्कम रोखता येऊ शकते.

एजंट चंदगडचा, कंपनी कोल्हापूरची, पैसे दिले बेळगावात, असं सीमाभागात नेहमी होतं. ‘ही आमची हद्द नव्हे’ म्हणून कुणी परत पाठवलं तर झिरो एफआयआर मागा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत हद्दीबाहेरच्या गुन्ह्याचीही फिर्याद नोंदवण्याची तरतूद आहे. कर्नाटकात फिर्याद कन्नडमध्ये लिहिली जाईल. ती वाचून दाखवायला सांगा, मराठीत नीट समजल्याशिवाय सही करू नका आणि प्रत मागून घ्या. ती फुकट मिळते. कर्नाटकात ठेवीदारांच्या संरक्षणाचा 2004 चा कायदा आहे, महाराष्ट्रात 1999 चा. दोन्हींत मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना पैसे परत देण्याची सोय आहे.

कमिशन घेऊन माणसं जोडणाऱ्यांनीही हे वाचावं. अनियंत्रित ठेवींवर बंदी घालणाऱ्या 2019 च्या कायद्यात, जाणूनबुजून खोटी आश्वासनं देऊन लोकांना अशा स्कीममध्ये ओढणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. आपणही फसलोय हे कळल्यावर अशा एजंटाने लवकर पोलिसांकडे जाऊन माहिती द्यावी, त्यातच त्याचं आणि इतरांचं हित आहे.

पैसे बुडालेल्यांच्या याद्या फिरतात. ‘तुमची रक्कम सोडवून देतो, आधी प्रोसेसिंग फी भरा’ असा फोन आला तर पैसे देऊ नका, तो नंबर तपास अधिकाऱ्याला द्या.