इंग्रजी नाटिकेवर वर्ग हसत नसेल तर

एकेका ओळीचं भाषांतर करून सांगितलं की विनोद तिथेच मरतो. दहावीच्या एनसीईआरटी पुस्तकातल्या चेकॉव्हच्या 'द प्रपोजल'चं हमखास असं होतं. लोमोव्ह येतो मागणी घालायला आणि कुरणाच्या मालकीवरून नताल्याशी भांडत बसतो. मुलं मात्र शब्दार्थ लिहून घेत असतात!

मी हल्ली असं करते:

१. पुस्तक बंद. दोघांना उभं करून दोन मिनिटं बांधावरचं भांडण, मराठीतच. "बांध आमचा!" "नाही, आमचा!" वर्ग आपोआप पेटतो.

२. लगेच तेच भांडण इंग्रजीत, फक्त दोन शब्दांवर: 'माइन!' 'अवर्स!' दर वेळी आवाज एक पट्टी वर.

३. मग संहिता, भूमिका वाटून. लोमोव्हची धडधड आणि पाणी पिणं करून दाखवायला लावा, अर्धा विनोद तिथेच आहे. पुढे कुत्र्यांवरून भांडण येतं, ते मुलांना सांगावंच लागत नाही.

४. अवघड शब्द सगळ्यात शेवटी.

फक्त ज्यांच्या घरी खरोखरच बांधाचा वाद चालू आहे, अशा मुलांना पहिल्या फेरीत उभं करू नका. गावात ते आधीच माहीत असतं.