पॅलिओ एस-टेन: खरी की स्टिकरची?

फियाटची जुनी पॅलिओ विकताना मागे 'एस-१०' चिकटवून भाव वाढवणं सोपं आहे. २००२च्या सुमारास सचिन तेंडुलकरच्या नावाने फियाटने पॅलिओची ही खास आवृत्ती काढली, ती फक्त ५००. सगळ्या १.६ जीटीएक्सवर, म्हणजे मोठ्या इंजिनाच्या पॅलिओवर बेतलेल्या. म्हणून बॅज आणि गाडीवरची सचिनची सही शेवटी बघा, आधी बॉनेट उघडा.

साध्या १.२ पॅलिओत १२४२ सीसीचं आठ व्हॉल्वचं इंजिन असतं. स्पार्क प्लग हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, बाजूला दिसतात. १.६ला १५९६ सीसी, सोळा व्हॉल्व, दोन कॅमशाफ्ट. हेड रुंद, प्लग मधोमध खोल विहिरीत. ताकद साधारण १०० अश्वशक्ती. इंजिन नंतर बदललेलंही असू शकतं, त्यामुळे आरसीवर १५९६च हवं. तिथे १२४२ असेल तर मालक काहीही सांगो, गाडी मुळात १.२ची आहे.

चेसिस आणि इंजिन नंबरवर कागद ठेवून पेन्सिल प्रिंट घ्या, आरटीओत पासिंगला घेतात तशी. अंक एका रेषेत आणि सारख्या खोलीचे हवेत. भोवती ग्राइंडरचे ओरखडे, पुट्टी किंवा ताजा रंग दिसला तर तिथेच थांबा. कराडच्या गाडीला २००२ साली साताऱ्याचा एमएच-११ मिळायचा. कराडचा स्वतःचा एमएच-५० असेल तर नंबर नंतर बदललाय. कारण विचारा, बी एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे आरटीओतल्या नोंदीचा उतारा, काढा.

खरी अडचण वेगळीच. अस्सल १.६ जीटीएक्सवर एस-टेनचे स्टिकर लावले असतील तर इंजिनावरून काहीच कळत नाही. आरसीवर 'एस-१०' लिहिलेलं असेलच असं धरू नका. शोरूमचं मूळ बिल, पहिल्या वर्षाची इन्शुरन्स पॉलिसी, सर्व्हिस बुक मागा. तिन्हींवर चेसिस नंबर तोच हवा. जुन्या स्टिकरखालचा रंग उन्हापासून वाचलेला, गडद असतो. स्टिकरचा कोपरा सुटलेला असेल तिथे आतला रंगही बाहेरच्यासारखाच विटलेला दिसला, तर स्टिकर परवाचा. पूर्ण रंगकाम झालं असेल तर ही कसोटी बाद. डिकीच्या गालिच्याखाली आणि दाराच्या चौकटीत मूळ रंग शोधा. कागद 'हरवले' असतील तर साध्या जीटीएक्सचाच भाव द्या. सहीचे पैसे देऊ नका, सही कुणीही छापून आणतो.

हे इंजिन पेट्रोल पितं, म्हणून काहींनी गॅस किट बसवलेलं असतं. किट काढलं तरी डिकीच्या तळाला सिलिंडरच्या ब्रॅकेटची भोकं राहतात. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती नसेल तर नवा बेल्ट टाकल्याशिवाय गाडी ताणू नका. तो तुटला की व्हॉल्व वाकण्याची भीती. बेल्टची खात्री असेल तर साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात चढवून टेम्परेचरचा काटा बघा.

विसार देण्याआधी आरसीवर बँकेचा बोजा आहे का तेही पाहा. गाडी पुण्या-मुंबईच्या पासिंगची असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हातात आल्यावरच उरलेली रक्कम द्या.